साडेपाच ओळी

१

"साडेपाच ओळी मेल्या, काकू."

दिएम माझ्या दुकानाच्या दारात उभी होती. डोक्यावर हेल्मेट तसंच, पायांना चिखल, हातात टोमॅटोच्या खोडाचा वीतभर तुकडा. बाहेर स्कूटर चालूच. सकाळची साडेआठची वेळ, रुंद शेवयांच्या पातेल्याला उकळी आलेली, आणि टेबलांवर पाच गिऱ्हाईकं.

"मेल्या म्हणजे?"

"पहिली ओळ आठवडाभर माना टाकत होती. वाटलं, पाणी कमी पडतंय. मग दुसरी, तिसरी. आज मोजल्या तर साडेपाच. पानं हिरवीगार आणि झाड मेलेलं! कुणीतरी विष घातलंय."

मी गॅस बंद केला. सव्वीस वर्षांत भर गिऱ्हाइकात गॅस बंद करण्याची ही तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळा भूकंप झाला होता.

दिएम अकरा वर्षांपूर्वी व्हिएतनामच्या खाडीकाठच्या गावातून चिउंच्या घरी सून म्हणून आली. तेव्हा तिच्या बोलण्याला गाव हसायचं. आता ती आमच्या हाक्का बोलीत शिव्या देते त्या ऐकून मला वहीत उतरवून घ्याव्याशा वाटतात. नवरा दूर तैचुंग शहरातल्या कारखान्यात, महिन्यातून एकदा येणारा. सासू वारली. घरी ती, तिची लेक आणि सासरे, म्हणजे थोरले चिउ काका. नाकावर माशी बसू न देणारा माणूस.

गावातलं तंबाखूचं पीक बंद झाल्यापासून चिउंची जमीन आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. गेल्या वर्षी दिएमने अर्धा एकर मागितला. काका म्हणाले, "एक हिवाळा देतो. टोमॅटो उभा राहिला तर सगळी जमीन तुझ्या हाताखाली. नाही राहिला तर पेंगला सही." हा पेंग म्हणजे शेतांवर सौरविजेच्या पाट्या बसवणाऱ्या कंपनीचा माणूस. एकदा त्या पाट्या बसल्या की वीस वर्षं खाली गवतसुद्धा कंपनीला विचारून उगवणार. पेंग रविवारी कागद घेऊन येणार होता. आज गुरुवार.

मी दुकान शेजारणीच्या हवाली केलं आणि दिएमच्या मागे स्कूटरवर बसले.

शेतात पोचलो तर चिउ काकांनी आधीच रणांगण मांडलं होतं. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट पाटापलीकडे उगारलेलं. त्यांच्या अंगाला दुखण्यावर लावायच्या पट्ट्यांचा वास येत होता.

"सुंग! बाहेर ये, घरजावया! माझ्या सुनेच्या पिकात विष ओततोस?"

पलीकडच्या केळीतून सुंग बाहेर आला. लग्न करून सासरी राहायला आलेला माणूस, तीस वर्षं झाली तरी आमच्या लेखी नवाच. "चिउभाऊ, उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नका. मी माझ्या बांधावर तणनाशक मारलं, ते खरं. तुमच्या झाडांवर कशाला मारू?"

"बघा! कबूल झाला! सोमवारी तक्रार देतो तुझ्यावर!"

वीस ओळी होत्या. पाटाच्या बाजूच्या पाच पार गेलेल्या. सहाव्या ओळीतली निम्मी झाडं लोंबत होती आणि उरलेली निम्मी लालबुंद घोस मिरवत होती. बाकीच्या चौदा ओळी तर दृष्ट काढावी अशा. माझी नजर त्या सहाव्या ओळीवरून हलेना.

"कू काकांना बोलावते," मी म्हटलं.

चिउ काका चमकले. "त्या तिसऱ्या प्रतीला? कशाला?"

२

कू काकांना गावात कुणी खऱ्या नावाने हाक मारत नाही. तीस वर्षं ते सरकारी खरेदीत तंबाखूच्या पानांना प्रत लावायला बसायचे. वर्षभर राबून आणलेलं पान हातात घ्यायचे, उजेडात धरायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, "तिसरी." म्हणून नाव पडलं तिसरी प्रत. निवृत्त झाले त्या दिवशी गावात फटाके वाजले होते, आणि त्यातले निम्मे माझ्या नवऱ्याने आणले होते. पण पान वाचावं तर त्यांनीच, हे त्यांचे वैरीही मान्य करतात.

ते आले, शेतात शिरले नाहीत. आधी बांधावरून मेलेली ओळ शेवटपर्यंत नुसती बघितली. मग एक पान खुडलं आणि उन्हात धरलं.

"तणनाशक नाही," ते म्हणाले. "त्याने पान पिवळं पडतं, नाहीतर पिळवटतं. हे पान बाजारात नेऊन विकावं इतकं हिरवं आहे. हे झाड तहानेने मेलंय."

"ओल्या मातीत?" दिएम म्हणाली.

"ओल्या मातीत. मान-यिंग, तुझ्या दुकानात स्वच्छ पेला आहे का? का सगळ्यांवर तुझ्या मिरचीचं तेल?"

"आहे. तुमच्यासाठी खास घासते," मी म्हटलं.

परतताना ते कुरकुरत होते. "हा चिउ आज मला बघून बांधावरून निघूनच गेला. राग असेल कसला. राग मला यायला हवा. ऑक्टोबरच्या अखेरीला आठवडाभर रोज सकाळी भूमिदेवाच्या ठाण्यापाशी बुद्धिबळाचा पट मांडून मी एकटा बसलोय. नंतर उगवला तर म्हणे गुडघा दुखत होता."

दुकानात त्यांनी पेल्यात पाणी घेतलं. दिएमने आणलेल्या खोडाच्या तुकड्याचं टोक धारदार सुरीने ताजं कापलं आणि कापलेली बाजू पाण्यात जेमतेम टेकवून धरली. आम्ही सगळे टेबलाभोवती वाकलो. एक मिनिट काहीच नाही. एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, शेवया शिजायला इतका वेळ लागत नाही."

तेवढ्यात खोडातून एक पांढुरका धागा सुटला. भाताच्या पेजेसारखा. सरळ खाली उतरला, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. पाणी गढूळ झालं.

"मर," कू काका म्हणाले. "मातीतला मर रोग. खोडाच्या नळ्यांत जंतू भरलेत, वर पाणी जाणार कुठून? या मातीत तो तंबाखूच्या काळापासून मुक्कामाला आहे. विषाने मेलेलं झाड असा धागा सोडत नाही. सुंग सुटला."

दिएम मात्र पेल्याकडे बघून पांढरी पडली होती.

"काका, मर लागूच शकत नाही. माझी सगळी रोपं कलमाची आहेत. वर टोमॅटो, खाली वांग्याचा खुंट. वांग्याच्या मुळाला मर शिवत नाही, म्हणून तर दुप्पट दराची रोपं घेतली."

कू काकांनी खोडाचा तुकडा खाली ठेवला. "कुणाकडून घेतलीस?"

३

लिआओच्या रोपवाटिकेत शुक्रवारी गेलो तर तो फाटकातच भेटला. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, कायम हसरा. बातमी आमच्याआधी पोचलेली होती, त्यामुळे आज हसू नव्हतं.

"काका, प्रत्येक कलम माझ्या बायकोने हाताने बांधलंय. दोन महिन्यांत तिने इतकी कलमं बांधली की झोपेतही बोटं हलवत होती. साधं रोप त्यात जाईलच कसं?"

"मग चल शेतात आणि दाखव."

लिआओ आधी तेराव्या ओळीत बसला. झाड धडधाकट. मातीच्या वर तीन बोटांवर खोडाला जाडसर गाठ होती. गाठीखाली वांग्याचं काळपट खोड, वर टोमॅटोचं हिरवं, लव असलेलं. "हे माझं कलम," तो छाती काढून म्हणाला.

"आता इकडे ये," कू काका म्हणाले.

दुसऱ्या ओळीतलं मेलेलं झाड. लिआओ वाकला. खोडावरून बोट फिरवत खाली आणलं, अगदी मातीपर्यंत. पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली. शेजारचं झाड बघितलं. त्याच्या शेजारचं बघितलं.

"गाठ नाही," दिएम म्हणाली. आवाज इतका हळू की मला तिची भीती वाटली. ओरडणारी दिएम मला चालते. "लिआओदादा, एकालाही गाठ नाही. साधी रोपं दिलीत मला? दोनशे वीस साधी रोपं?"

लिआओ मटकन सरीत बसला. त्याची तीन गावांतली गिऱ्हाईकं, बायकोची दुखरी बोटं, सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं. "मला... मला कळत नाही," एवढंच तो म्हणाला.

बांधावर चिउ काका कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. "म्हणजे सुंगने नाही, याने मारलं?" ते म्हणाले. "का दोघे मिळून?"

४

"चूप," कू काका म्हणाले. चिउ काकांना चूप म्हणणारा गावात एकच माणूस आहे. "अजून झाड जमिनीतच आहे. अर्धं पान बघून प्रत लावत नाहीत."

ते गुडघ्यांवर बसले आणि हातांनी माती बाजूला करू लागले. दोन बोटं, तीन बोटं, चार. मग थांबले आणि लिआओला बोलावलं.

गाठ होती. मातीच्या चार बोटं खाली. आणि गाठीच्या वरच्या अंगाला, टोमॅटोच्या खोडातून, दाढीसारखी मुळं फुटून मातीत गेली होती.

लिआओ ओरडलाच. "गाठ पुरली! गाठ पुरली कुणीतरी!"

"टोमॅटोचं खोड मातीत गेलं की मुळं सोडणारच," कू काका म्हणाले. "पुढच्या दारावर वांगं राखण करत होतं आणि हा वरचा भाऊ मागच्या दाराने बाहेर पडला. मर त्याच दाराने आत आली."

दिएम डोक्याला हात लावून उभी होती. "पहिल्याच दिवशी लिआओदादांनी बजावलं होतं, गाठ मातीआड करायची नाही. मी सगळी रोपं सारखीच लावली. मग पाटाकडच्या ओळींत माती चढलेली दिसली तेव्हा मला वाटलं, सुंगकाकांनी पाट साफ करून गाळ इकडे टाकला. तेव्हा मी वर सुतळ्या बांधत होते, खाली नीट बघितलंच नाही."

"गाळ नाही. ही भर आहे. मुद्दाम घातलेली." कू काका ओळीच्या बाजूने चालू लागले, मी मागे. "मान-यिंग, बघ. कुदळीने दोन्हीकडून माती ओढलीय, मग दोन्ही बाजूंनी टाचेने दाबलीय. ही भर कसली?"

हे मला कुणी शिकवायला नको. माझं अर्धं बालपण त्यात गेलं. "तंबाखूची."

"तंबाखूची. खोड जितकं पुरशील तितकं झाड घट्ट. तंबाखूला अमृत आणि कलमाला विष. सुंगने जन्मात तंबाखू लावली नाही. लिआओ तेव्हा शाळेत होता. पेंगला तर कुदळ कुठल्या बाजूने धरतात तेही माहीत नसेल." ते पुढे गेले. "आता उंची बघ. पहिल्या ओळीत भर वीतभर. तिसरीत चार बोटं कमी. पाचवीत जेमतेम गाठ झाकलीय. आणि सहावी..."

सहाव्या ओळीच्या मध्यावर भर संपली होती. शेवटचा ढीग एकाच बाजूने ओढलेला, दाबायचाही राहिलेला.

"घात करणारा माणूस अर्ध्या ओळीत थांबत नाही," ते म्हणाले. "आणि झाडाला इतक्या मायेने माती दाबत नाही. हा माणूस थकत होता, तरी रोज येत होता. सहाव्या दिवशी त्याला पुढे जाताच आलं नाही."

मी मागे वळून पाहिलं. बांध रिकामा होता.

दुकानात परतल्यावर दिएमने दिलेले टोमॅटो मी कापले, आलं घालून साखर आणि सोयासॉसची चटणी कालवली, आणि बशी कू काकांसमोर ठेवली. "आता नाव सांगा."

"मी नाही सांगणार. ते ज्याचं त्याने सांगायचं." त्यांनी एक फोड चटणीत बुडवली. "तुला कळलेलंच आहे. तुझ्या दुकानात सगळं गाव येतं म्हणतेस ना? मग नोव्हेंबरपासून तुझ्याकडे उभ्याने शेवया कोण खातंय?"

पळी माझ्या हातातच राहिली. ठाण्यापाशी सहा दिवस रिकामा पट. त्याच सुमाराला धरलेली कंबर. अंगाला पट्ट्यांचा वास. आणि रोज सकाळी सात ते आठ दिएम लेकीला शाळेत सोडायला जाते, तेव्हा शेतात कुणी नसतं, हे बाहेरच्या कुणाला ठाऊक?

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"त्यांना कळलंय का, त्यांनी काय केलं ते?" मी विचारलं.

"कालपर्यंत नव्हतं. उगाच का सुंगवर इतका भडकला होता? आज लिआओ ओरडला, 'गाठ पुरली', तेव्हा कळलं." कू काकांनी फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि बराच वेळ चघळत राहिले. "पहिली प्रत," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हे शब्द प्रथमच ऐकत होते.

५

रविवारी पेंग आला. पांढरे बूट, निळी फाइल. चिउ काका इस्त्रीचा सदरा घालून बांधावर उभे होते. दोन दिवस ते कुणाशी बोलले नव्हते, असं दिएम म्हणाली. मेलेली झाडं कू काकांच्या सांगण्यावरून उपटून, शेताबाहेर नेऊन जाळलेली होती. सुंग पाटापलीकडे, लिआओ बायकोला घेऊन आलेला, आणि मी. दुकान बंद. हे मी चुकवणार होते होय?

दिएमने हातमोजे काढले आणि सासऱ्यांसमोर उभी राहिली. "बाबा, शब्द म्हणजे शब्द. साडेपाच ओळी गेल्या. पण चौदा उभ्या आहेत. तुम्ही म्हणाल ते." तिने मान खाली घातली नाही. मला पुढे होऊन तिला जवळ घ्यावंसं वाटलं. कू काकांनी माझी बाही धरून ठेवली.

पेंगने पेन काढलं. चिउ काकांनी ते घेतलं नाही.

"भर मी घातली," ते म्हणाले.

दिएमला आधी कळलंच नाही. "कसली भर?"

"झाडांना. तू पोरीला सोडायला गेलीस की यायचो. रोज एक ओळ. सहाव्या दिवशी कंबर गेली." ते तिच्याकडे न बघता टोमॅटोंकडे बघून बोलत होते. "मला वाटलं, मुळं धरतील. चाळीस वर्षं तंबाखूला तसंच करत आलो. कलमाचं मला माहीत नव्हतं. विचारलंही नाही."

"पण लपून कशाला, बाबा?"

काका सदऱ्याच्या कॉलरशी चाळा करत म्हणाले, "उघड आलो असतो तर गाव म्हणालं असतं, म्हाताऱ्याने पीक काढलं. तुझं पीक तुझंच दिसायला हवं होतं."

दिएम रडायला लागली आणि रडता रडता हसायला. मग हाताच्या पाठीने नाक पुसून तिने जे सुरू केलं ते मी इथे लिहू शकत नाही. आमच्या बोलीतल्या सगळ्या शिव्या होत्या, फक्त सासऱ्याला शोभतील अशा बेताने पातळ केलेल्या. दोनशे वीस झाडं! माझ्या हातची! कंबर मोडून घेतली ती वेगळीच, आणि मला सांगत होतात बुद्धिबळ खेळून आखडली! चिउ काका शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते. सुंगने पलीकडून तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"उद्यापासून उजेडात यायचं," ती शेवटी म्हणाली. "माझ्यासमोर. आणि कुदळ उचलायच्या आधी मला विचारायचं."

"विचारेन," काका म्हणाले.

मी या माणसाला चाळीस वर्षं ओळखते. हा शब्द त्याच्याकडे होता हेच मला माहीत नव्हतं.

मग ते सुंगकडे वळले. खिशातून तक्रारीचा कागद काढला, चार तुकडे केले आणि पुन्हा खिशातच ठेवले. माफी मागणं त्यांच्या रक्तात नाही. घसा खाकरून म्हणाले, "यंदा केळी बरी आहेत तुझी."

"दोन घड पाठवतो, चिउभाऊ," सुंग म्हणाला.

लिआओची बायको म्हणाली, वसंतात वीस वाफ्यांची रोपं ती स्वतः आणून देईल आणि प्रत्येक गाठ चिउ काकांना मोजून दाखवेल. सगळे हसले. दिएमने हातमोजे चढवले आणि झाडांत शिरली. चौदा ओळींचा तोडा दुपारपर्यंत व्हायचा होता.

पेंग एकटाच उरला, हातात उघडी फाइल. "मग सहीचं काय, काका? जमिनीचे मालक तुम्ही. तुम्हीच ठरवायचं."

"मी नाही," चिउ काका म्हणाले, आणि कमरेवरचा हात काढून त्यांनी बोट दाखवलं. "मालकीण ती तिथे, सातव्या ओळीत. तिला विचार. बूट काढून जा, चिखल आहे."